नैवेद्याआधी न चाखलेली भाजी

मी एक जीभ आहे, मित्रांनो, आणि तीही जुनी. केळझरजवळच्या एका गावात मनकर्णाबाई राहतात, त्यांच्या तोंडात माझं सगळं आयुष्य गेलं. बाईंनी सत्तरी ओलांडली. पण माझ्या अंगावरच्या ज्या बारीक पेशी चव ओळखतात, त्या दहा-पंधरा दिवसांत मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. म्हणजे मालकीण म्हातारी, कारभार मात्र कायम नव्या नोकरांवर.

माझं काम थोडंच आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि पिकल्या टमाट्यात किंवा मटणाच्या रश्श्यात लागते ती पाचवी, भरीव चव. तिखट ही चवच नाही. ती भाजल्याची कळ आहे आणि आमच्याकडे लोक ती हौसेने विकत घेतात. माशी पायांनी चव घेते, म्हणून तुमच्या पोळीवर आधी चालून बघते. मांजराला गोड कळतच नाही. ते खिरीत तोंड घालतं ते दुधासाठी. आणि लसणाचा खमंगपणा, फोडणी, सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, ताजेपणा हे सगळं नाकाचं. घास चावला की त्याचा वास घशामागून नाकात चढतो आणि माणूस म्हणतो, काय चव आहे. राबतं नाक, नाव होतं माझं. मला ते चालायचं. फुकटची स्तुती कोणाला नको असते?

मारुतीच्या देवळात सप्ताह संपला की काल्याचं गावजेवण होई. त्यातली वांग्याची भाजी मनकर्णाबाईंच्याच हातची. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचं नाही, असा गावाचा नेम. चाखलं की उष्टं. म्हणून बाई भट्टीवरच्या मोठ्या गंजाचं झाकण उघडायच्या, वाफ नाकात ओढायच्या आणि म्हणायच्या, "झाली. उतरवा." त्यात माझा वाटा काहीच नव्हता. तरी पंगतीत लोक म्हणत, "मनकर्णाबाईची जीभ लय तयार हाये." मी दातांआड बसून ऐकून घ्यायची.

मग कोरोनाच्या साथीत बाईंना ताप आला. ताप गेला, पण घास मातीसारखा लागू लागला.

"तोंडाले चवच नाई राह्यली व," त्या सुनेला, काजलला म्हणाल्या.

काजलने माझ्यावर चोळायला मीठ-हळद दिली. मुलगा ओमप्रकाश तांब्याची पट्टी घेऊन आला. "खरवड, आई. सारा दोष जिभेचाच हाये." रोज सकाळी मी सोलून निघायची. मीठ आलं की मी खारट सांगत होते, कारलं आलं की कडू सांगत होते. बोलायचं काम जिला दिलं, तिचंच घरात कोणी ऐकेना.

बाहेर कुणाला बोलू नका, असं बाईंनी बजावलं. "लोकायले समजलं त मले भट्टीवरून उठवतीन. पोया लाटाले बसवतीन."

साथ ओसरली आणि पुन्हा काला आला. बाई भट्टीजवळ उभ्या राहिल्या. जाळ मोठा होता. भाजी बुडाला लागली. करपल्याचा वास जिला सगळ्यात आधी यायचा, तिला तो आला नाही. पोळ्या लाटणाऱ्या कौशल्याबाईंना आला. पण मनकर्णाबाईला शिकवायचं कोणी? तिले कळलंच असन, म्हणून त्या लाटत राहिल्या. इकडे बाईंनी सराट्याने तळापासून ढवळून करपलेलं सगळं वर आणलं. वाफ ओढली. काहीच आलं नाही. तरी सवयीने म्हणाल्या, "झाली. उतरवा."

एक थेंब माझ्यावर ठेवला असता तर मी कडू म्हणून ओरडले असते. कडू ओळखणं हे माझं फार जुनं काम आहे, जीव विषापासून वाचावा म्हणून मिळालेलं. पण नेम म्हणजे नेम.

पंगत बसली. बाई रांगेतून विचारत फिरल्या.

"बेस झाली, मनकर्णाबाई," वर्गणी गोळा करणारे बापूराव म्हणाले आणि पाण्याचा गिलास रिकामा केला.

"थोडी वाढू?"

"नाई नाई. पोट भरलं."

भात अजून यायचा होता.

जिभेला हाड नसतं म्हणतात. त्या दिवशी पंगतीतल्या सगळ्या जिभा एकाच बाजूला वळल्या. बाईंचा मान राखायचा होता ना.

पत्रावळी उचलताना बाईंना कडेला सारलेली भाजी दिसली. त्यांनी एक घास तोंडात टाकला. मी सांगितलं. त्यांनी दुसरा टाकला. मी पुन्हा सांगितलं.

"काजल, करपली का व?"

काजलने मान खाली घातली. "तुमाले वाईट वाटलं असतं, आत्याबाई."

"मंग आता काय बेस वाटून राह्यलं का?"

वर्ध्याच्या डॉक्टरांनी माझ्यावर साखर ठेवली, मीठ ठेवलं, कडू थेंब ठेवला. मी सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी कॉफीची बाटली नाकाशी धरली. बाईंनी दोनदा हुंगून नकारार्थी मान हलवली.

"आजी, जीभ चांगली आहे. नाक गेलंय."

"नाक त जागेवरच हाये, बाबू."

डॉक्टर हसले. लवंग, लिंबू रोज हुंगत जा म्हणाले. आधीच दाखवायला आला असतात तर बरं झालं असतं. आता वास परत येईल की नाही, सांगता येत नाही.

पुढच्या काल्याला सेलूहून हेमराज नावाचा आचारी आणला. बापूराव म्हणाले, "तुमी आता आराम करा." बाई पहिल्यांदाच पंगतीत बसल्या. हेमराज हात पुसत आला. "कशी झाली, काकू?"

सगळी रांग बाईंकडे बघू लागली. मी माझं सांगून टाकलं होतं. 'बेस' हा शब्द माझ्यावर येऊन थांबला, आणि बाईंनी तो गिळला.

"मीठ कमी हाये, बाबू. पुढच्या पंगतीले वेळ हाये, टाकून घे." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाकीचं मले नको विचारू. मले आता वास नाई समजत."

बापूराव पत्रावळीकडे बघत राहिले. हेमराज मीठ आणायला गेला.

मित्रांनो, तुमच्या घरात रांधणारं कोणीतरी असेल. जेवण बिघडलं तर जवळ बसून, हळू आवाजात, पण त्याच दिवशी सांगा. माझं खरवडणं मी विसरले. पण दिवेलागणीला बाई अजून लवंग नाकाशी धरतात, डोळे मिटून वाट बघतात, आणि मग ती माझ्यावर ठेवतात. मी म्हणते, झोंबते. त्यापुढचं सांगणारं तिथे कोणी नसतं.