मानथोउच्या जेवणाला आलेला डबा

माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच फळीवर, त्या बाईनं ते परदेशी डबे आणून मांडले! वर मलाच म्हणते, "विहीणबाई, उन्हापासून जरा लांब ठेवा हं."

ही बाई म्हणजे काओबाई, माझ्या सुनेची आई. हार्बिनसारख्या मोठ्या शहरात राहते, बँकेतून रिटायर झालीय, आणि बोलते इतकं हळू, की आपणच उगाच ओरडतोय असं वाटावं. आणि मी थोंग. 'सोनेरी कुरण' दूध पावडरच्या फॅक्टरीत डब्यांना झाकणं बसवायच्या मशीनवर उभ्या उभ्या माझे केस पांढरे झाले. आमच्या गावातल्या निम्म्या चुली या फॅक्टरीवर पेटतात. आणि माझ्या सख्ख्या नातवानं न्यूझीलंडच्या गाईचं दूध प्यायचं? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"काओबाई," मी म्हटलं, "तुमची गाडी जर्मन, तोंडाचा रंग फ्रेंच, भाताचा कुकर जपानी. जावई तेवढा इथला केलात, उपकारच झाले म्हणायचे!"

"जावई चांगला आहे हो," ती म्हणाली. "तक्रार जावयाची नाही."

"मग दुधाची का? माझ्या हातचं दूध आहे ते!"

तिनं हातातला कप खाली ठेवला. "ज्या वर्षी आपल्याकडच्या दूध पावडरीत विष निघालं ना, त्या वर्षी माझ्या थोरल्या मुलीचं बाळ तान्हं होतं. मूतखडे झाले त्याला. एवढ्याशा जिवाला मूतखडे, विहीणबाई."

"ते आमचं दूध नव्हतं!"

"माहितेय मला. पण ज्यांचं होतं, त्यांच्याही फॅक्टरीत तुमच्यासारख्या बायका होत्याच की झाकणं बसवायला."

मी भांडी आपटली.

माझी सून रुइश्वे बिचारी मध्ये सापडली. तिचं अंगावरचं दूध आटत चाललेलं, मानथोउ चोखून चोखून रडायचा. मानथोउ म्हणजे आमचं बाळ. जन्मला तोच वाफवलेल्या पावासारखा गुबगुबीत, म्हणून तेच लाडाचं नाव पडलं. शेवटी माझा मुलगा तायोंग हात जोडून म्हणाला, "आई, तो महिन्याचा होईल त्या दिवशीच्या जेवणापर्यंत तरी भांडू नका. त्या दिवशी काय तो एक डबा फोडू." झालं. फळीवर माझा सोनेरी डबा आणि तिचा निळा डबा शेजारी शेजारी बसले, दोन्ही सीलबंद. मी मनात ठरवून टाकलं होतं, फुटणार तो माझाच. माझं अर्धं आयुष्य त्या डब्यात गेलंय, ते काय उगाच?

महिन्याचं जेवण आम्ही घरीच केलं. लाल रंगवलेली अंडी, आंबवलेल्या कोबीतलं डुकराचं मटण, तीन प्रकारच्या मोदकांसारख्या चाओझ्या, आणि तायोंगच्या मित्रांसाठी दारू. माझ्या शिफ्टच्या बायका आल्या, शेजारपाजार आला. आणि ऐन जेवणात दारात कोण उभं? फॅक्टरीचे डायरेक्टर वेईसाहेब! स्वतः! माझ्या घरी!

वेईसाहेब आमचं दैवत होते म्हणा ना. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी आम्हाला रांगेत उभं करून घोषणा देतात, "आधी आपल्या घरात, मग देशाच्या घराघरात!" आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडतो. मी तर मनापासून ओरडायचे.

साहेबांनी बाळाच्या गालाला बोट लावलं, पैशांचं लाल पाकीट दुपट्यात खोचलं, आणि एक जड पिशवी माझ्या हातात दिली. "थोंगताई, बाळासाठी थोडंसं." पिशवी कागदाची, वर लाल फीत. मी चाचपलं. गोल, टणक. डबा! हा आकार मी झोपेतही ओळखीन.

आता आमच्यात कुणाची भेट पाहुण्यांसमोर उघडत नाहीत. घ्यायची, नको नको म्हणायचं, आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवायची. पोरंसोरंसुद्धा उघडत नाहीत. पण समोर काओबाई बसलेली, चाओझीचा एवढासा तुकडा तोडून खात. माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, आज हिची खोड मोडलीच पाहिजे.

"ऐका सगळ्यांनी!" मी ओरडले. "ज्यांना आमच्या दुधाची भीती वाटते ना, त्यांनी नीट बघा. आमचे डायरेक्टर स्वतः आमचाच डबा घेऊन आलेत!"

"थोंगताई, राहू दे, नंतर..." वेईसाहेब पुढं सरसावले. मला वाटलं, लाजतायत.

मी फीत ओढली, डबा बाहेर काढला आणि डोक्यावर उंच धरला. शिफ्टच्या बायकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, ते तसेच राहिले. मी वर बघितलं. डबा निळा. न्यूझीलंडचा. काओबाईनं आणला होता, अगदी तसलाच.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी कसली घेतेय! मग मात्र लाज गेली आणि नुसता संताप राहिला.

"साहेब, हे काय?"

"अहो, आपलाच डबा आणला असता तर लोक काय म्हणाले असते?" ते हसायला लागले, पण कपाळ घामानं चमकत होतं. "डायरेक्टरनं गोदामातला फुकटचा माल उचलून दिला म्हणाले असते. माझी इज्जत, तुमची इज्जत... मोठी भेट द्यावी म्हणून आणला हो!"

"म्हणजे आपला डबा छोटा?"

"तसं नाही..."

"तुमची नात कुठलं दूध पिते?"

"थोंगताई, जेवणाच्या दिवशी काय हे..."

"कुठलं पिते, साहेब?"

वेईसाहेबांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "ते तिची आई बघते," म्हणाले. तायोंग माझा दंड धरून ओढत होता. मी दंड सोडवून घेतला.

तेवढ्यात आत मानथोउ रडायला लागला. भुकेचं रडणं कळतं हो, ते पोटातून येतं. रुइश्वे बाटली घेऊन दारात आली. ती कुणाची बाजू घेत नव्हती, पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, कुठला फोडू?" तिनं मला विचारलं. स्वतःच्या आईला नाही, मला.

मी स्वयंपाकघरात गेले. माझा सोनेरी डबा हातात घेतला. आमचं दूध चांगलं आहे, हे मी कुणाच्याही पुढं छातीठोकपणे सांगत आले. पण मी बघते काय? नळीतून पांढरी पावडर पडते, झाकण बसतं, डबा पुढं जातो. नळीच्या पलीकडं काय चालतं ते मी कधी बघितलंय? मी वेईसाहेबांच्या तोंडाकडं बघून विश्वास ठेवला. नळीच्या दोन्ही बाजू बघितलेला माणूस तो एकच. आणि तो बाळासाठी निळा डबा घेऊन आला होता.

अंगठा मी झाकणाखाली घातला. असली झाकणं हजारोंनी बसवली मी. एकही वाकडं बसू दिलं नाही. त्या दिवशी एक उघडायची माझी हिंमत झाली नाही.

मागं काओबाई येऊन उभी होती. मला वाटलं, आता ही बोलणार, हिला हवं ते मिळालं. ती म्हणाली, "मीही रागातच असते हो, विहीणबाई. आपल्या गाई, आपलं कुरण, आणि मी तिकडं न्यूझीलंडला राहणाऱ्या कुठल्या तरी परक्या पोरीला फोन करून दूध पाठव म्हणून विनवते. मला काय हौस आहे?" आणि तिनं पाणी गरम करायला ठेवलं.

निळा डबा मी फोडला. मीच चमचे मोजून टाकले, मीच बाटली हलवली. मानथोउ अधाशासारखा प्यायला. आणि मी त्याला मांडीवर घेऊन रडले. दुःखानं नाही. मेल्यांनो, माझ्या हातचं दूध माझ्याच नातवाला पाजायची सोय ठेवली नाहीत तुम्ही, म्हणून रडले.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी आम्ही रांगेत उभ्या राहिलो. पांढऱ्या टोप्या, पांढरे मास्क, फक्त डोळे दिसतात. वेईसाहेब समोर आले, नेहमीसारखी मूठ वर केली.

"आधी आपल्या घरात..."

मी मास्क खाली ओढला. "कुणाच्या घरात, साहेब?"

बाकीच्या बायकांनी घोषणेचा पुढचा भाग ओरडायचा असतो. त्यांतल्या बऱ्याच जणी आमच्याकडं जेवायला होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही.