बाबांचा हात लागलेला पट्टा

मित्रांनो, मी मनगटावर बांधायचा एक कापडी पट्टा आहे. जुना म्हणावं तर वय जेमतेम दीड वर्ष. पण एवढ्यात जे पाहिलं, ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

अंगावर घालता येतील अशी यंत्रं बनवायचा प्रकल्प शाळेत होता. सातवीतल्या एका मुलीने मला बनवलं. तिचे बाबा शिंपी. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. ते शिवणयंत्रावर बसले, की तिला समोर जाऊन उभं राहावं लागे. म्हणून तिने माझ्यात आवाज टिपणारी चकती, चपटा सेल आणि इवलीशी मोटर बसवली. मागून टाळी वाजली, की मी थरथरणार आणि बाबा वळून बघणार!

माझ्यात वायरी नाहीत, वीज नेणारा चंदेरी दोरा आहे. "दोन दोरे एकमेकांना लागले, की खेळ खलास," असं बाई बजावत. तिने ते लांब लांब शिवले. टाके इतके वेडेवाकडे, की शिंप्याच्या लेकीने तोंड लपवावं. बाबांना मात्र तिने काही सांगितलं नाही. प्रदर्शनात गंमत करायची होती ना!

प्रदर्शनाच्या सकाळी ती अंघोळीला गेली आणि बाबांनी मला उलटं करून पाहिलं. लेकीचं काम असं चारचौघांत जाणार? त्यांनी दोन्ही दोरे जवळ ओढले आणि एका सुरेख शिलाईत बसवले. मला ओरडता आलं असतं तर!

प्रदर्शनात तिने मला बाबांच्या मनगटावर बांधलं आणि त्यांना पाठ करून उभं केलं. तिने टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. मी गप्प. मुलं हसू लागली. तिने मला सोडवून उलटं केलं.

"कुणी केलं हे?"

बाबांनी अभिमानाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"सगळी वाट लावलीत तुम्ही!"

त्यांना ऐकू आलं नाही. पण ओठ वाचण्यात त्यांचा जन्म गेला आहे.

दोन दिवसांत तिने मला उसवून पुन्हा शिवलं. रडत रडत माफी मागितली. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण मनगट पुढे केलं नाही. 'माझा हात लागला की बिघडेल,' असं ते खुणेने सांगतात. तिच्या गणवेशाचं तुटलेलं बटणसुद्धा आता आधी विचारून लावतात.

मित्रांनो, आपल्या माणसाकडून मायेपोटी काही बिघडलं, तर ओरडण्याआधी घोटभर पाणी प्या. मी केव्हाच दुरुस्त झालो आहे हो. कुणीतरी बाबांना तेवढं समजावून सांगा.