हेडक्लार्कची खिडकी

"माणसाला जगायला हवा नव्हे, तत्त्व लागतं," स्टुलावर चढून खिडकीचं तावदान ढकलत साहेबराव म्हणाले. तेवढ्यात खाली ओट्यावरून मिरचीचा ठसका आला आणि ते तत्त्वासकट खाली उतरले.

मालनबाईंनी गॅस बंद केला. त्यांनी नवऱ्याला दिलेली आठ दिवसांची मुदत आज संपत होती. खिडकी उघडली तर ठीक, नाहीतर त्या देवगाव रंगारीला भावाकडे निघणार होत्या. परत कधी येणार, हे त्या बोलल्या नव्हत्या. भरलेली पिशवी दाराशी उभी होती.

औरंगपुऱ्यातल्या याच मजल्यावर साहेबरावांनी एका बियाणे कंपनीत कारकुनापासून हेडक्लार्कपर्यंत तेहतीस वर्षं काढली होती. कंपनी उठली, मजला ओस पडला. मग नियम सैल झाले आणि मालकानं ऑफिसांची घरं करून विकायला काढली. साहेबरावांनी मुकुंदवाडीचं अंगणवालं घर शेळीसकट विकलं आणि इथं येऊन राहिले. त्यांची खुर्ची होती तिथं आता ओटा होता. काच मात्र ऑफिसचीच.

खिडक्यांची कामं करणारे युसूफभाई आले. त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं, काचेला नाक लावून बाहेरून खिडकीला टेकलेला जाहिरातीचा लोखंडी सांगाडा पाहिला, आणि हसले.

"साहेब, ये तो मैंच बंद करा था. कबुतरं फायली घाण करतात म्हणून. एक तरी खुली ठेवा बोललो, तुम्ही नाय म्हणले. अर्ज तुमचाच होता."

आता सांगाडा हलल्याशिवाय ती उघडणार नव्हती, आणि सांगाडा हलवणं कुणाच्याच हातात नव्हतं. एवढं सांगून युसूफभाई चहा न घेताच गेले.

मालनबाईंनी काचेकडे पाहिलं. नवऱ्याला झोडपायला इतकं चांगलं कारण चाळीस वर्षांत त्यांना मिळालं नव्हतं. त्यांनी ते वापरलं नाही.

"इतकी वर्सं असंच बसलात व्हय इथं?"

साहेबराव चष्मा पुसू लागले. मालनबाईंनी पिशवी उचलली.

"चला. तुम्हीबी."

साहेबरावांची नजर आपसूक भिंतीवर गेली. तिथं ऑफिसच्या घड्याळाचा खिळा तेवढा उरला होता.

"सहाच्या आधी सुटायचं म्हणजे..." म्हणून ते थांबले.

"मग रजेचा अर्ज लिवा. मी सही करते."

साहेबरावांनी खिसे चाचपले. एक, दुसरा, मग पुन्हा पहिला.

"पेन दे जरा," ते म्हणाले.