हुओंच्या विहिरीचं पाणी

शुफेन नवऱ्यासोबत हुओंच्या देवळात आली ती ताठ मानेनं. जिल्हा कचेरीनं सगळ्या अधिकाऱ्यांना बायकांसकट बसमध्ये कोंबून आणलं होतं, प्रामाणिकपणा शिकायला. एक दिवस शिकायचा आणि वर्षभर विसरायचा! पण शुफेनला त्याचं काय? तिचा तान रस्ते-पूल खात्याचा प्रमुख, धुतल्या तांदळासारखा.

वसंतात शिआ गावचा पूल कोसळला. पेइलान, शुफेनची जिवाभावाची मैत्रीण, तिचा नवरा त्यात गेला. लोक तानचं नाव घ्यायला लागले तेव्हा शुफेन पेइलानच्या दारात जाऊन म्हणाली, "माझ्या माणसानं यात काही खाल्लं असेल तर माझ्या तोंडात शेण घाल." पेइलाननं तिच्या शब्दाखातर तक्रार मागे घेतली.

गाभाऱ्यात जुन्या काळच्या न्यायाधीश हुओंची मूर्ती डोळे वटारून बसली होती. सख्ख्या मेव्हण्याला फासावर देणारा माणूस. अंगणात त्यांची विहीर. लाच खाल्लेल्यानं इथलं पाणी प्यायलं की डोकं फुटायला लागतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

चिटणीस वाट्या भरत ओरडला, "घ्या, घ्या! आज फुकटची दारू नाही, पाणीच आहे!"

"म्हाताऱ्या फू, डोकेदुखीची गोळी आणलीस का?" एका अधिकाऱ्यानं विचारलं.

"तुझ्यातून उरली तर दे की!"

सगळे खदाखदा हसले. फोटोवाल्यानं वाट्या वर करायला लावल्या. तानची वाटी ओठांना टेकली. गळा हलला नाही. फोटो झाला आणि त्यानं पाठ फिरवून पाणी बुटांशी ओतलं.

शुफेन त्याच्याजवळ सरकली.

"तान, प्यायला का नाहीस?"

"गार आहे. पोट बिघडेल."

"आई उदबत्ती लावते तर तिला हसतोस. देव मानत नाहीस ना तू?"

"नाही मानत. हळू बोल."

"मग पी. ही घे माझी."

तो वाटीकडे बघत राहिला. कपाळावर घाम. "घरी बोलू," एवढंच पुटपुटला.

तिनं नजर खाली वळवली आणि थिजली. महिनाभर पाऊस नव्हता. अंगणात प्रत्येक चकचकीत बुटाच्या जोडीपाशी ओलं डबकं होतं.

शुफेननं आपली वाटी घटाघटा संपवली आणि सगळ्यांसमोर फोन लावला.

"पेइलान, शेण तयार ठेव. आणि तक्रार पुन्हा नोंदव. साक्षीला मी येते."