वरून काढलेला फोटो

"ह्यो न्हाय. ह्यो बी न्हाय," लीलाबाई म्हणाल्या.

म्हस्कूनं कॉम्प्युटरवर पुढचा फोटो आणला. पुन्हा टोप्याच.

उद्या सर्जेरावआबांचा दहावा. सांगवीहून नातू इंद्रजित आजीला घेऊन बारामतीला म्हस्कूच्या स्टुडिओत आला होता. फ्लेक्सला आबांचा फोटो हवा होता, आणि फोटोला तोंड हवं होतं.

"आजे, आधारवरचा चालंल की."

"त्यात त्ये फरारी दिसत्यात."

म्हस्कूनं जुना फोटो शोधून काढला. थोरल्या पोराच्या लग्नातला, काळ्याभोर मिशांचा.

"ह्यो जवान गडी घिऊन काय करू? मला माझा म्हातारा पायजे."

मोबाईल दिसला की आबा पाठ फिरवायचे. फोटो काढावा तर म्हस्कूनंच. तीस वर्षं तो या भावकीला ओळीत उभं करत आला होता. रुसलेल्या चुलत्याला हाताला धरून आणायचं, मागच्यांना बाकावर चढवायचं आणि शेवटी ओरडायचं, "आबा, हिकडं बगा!" आबा छाती काढून श्वास रोखायचे. म्हस्कू "सोडा" म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात इंद्रजितचं लग्न झालं. "काका, गळ्यात कॅमेरा नगं, जुनाट दिसतंय. सगळं ड्रोनवर घ्या," तो म्हणाला होता. म्हस्कूनं पंचावन्नाव्या वर्षी ड्रोन घेतला. शिकताना दोनदा तो उसात पडला. दुसऱ्यांदा शोधायला गेलेला म्हस्कूच तासभर सापडेना. लग्नात मैदानावर त्यानं ड्रोन थेट नवरानवरीच्या डोक्यावर आणला. वाऱ्यानं अंतरपाट भटजींना गुंडाळला, अक्षता उलट पाव्हण्यांच्या डोळ्यांत गेल्या आणि चारशे माणसांनी टोप्या धरून माना खाली घातल्या. अख्खी भावकी एका वेळी मान खाली घालते, हे सांगवीनं पहिल्यांदाच पाहिलं.

"ह्यो शेवटचा, काकी," म्हस्कू थकून म्हणाला.

भावकीचा मोठा फोटो. तोही वरूनच. टोप्या, फेटे, मधे दोन टकली.

लीलाबाईंनी काचेवर बोट टेकवलं. "ह्ये बग. डावीकडं कललेली टोपी. ह्येच."

"आजे, त्वांड कुठं दिसतंय?"

"पर ह्ये तिकडं कुणाकडं बगत्यात रं?"

म्हस्कूनं फोटो मोठा केला. सगळ्यांच्या टोप्या वाकल्या होत्या. आबांची तेवढी वाकलेली नव्हती, आणि तिचं टोक मैदानाच्या कोपऱ्याकडं होतं. कोपऱ्यात एक माणूस उभा होता. हातात रिमोट, मान खाली, डोळे स्क्रीनमध्ये.

म्हस्कूला स्वतःलाच ओळखायला थोडा वेळ लागला.

मग लीलाबाईंनी पदर सावरला. "ह्योच लाव. गाव टोपी वळखतंय."

"लोक हसतील, आजे."

"हसू दे."

इंद्रजित गाडी वळवायला गेला, लीलाबाई हळूहळू पायऱ्या उतरल्या. म्हस्कूनं टोपीभोवती नीट चौकट आखली. बटण दाबायच्या आधी तो जरा थांबला.

"सोडा, आबा," तो म्हणाला.