उजव्या कोपऱ्यातलं लाल

फिनेलकाकांनी मासेवाल्या दुकानातल्या टाकीच्या काचेवर बोट टेकवलं, चटकन मागे घेतलं आणि खिशातून रुमाल काढून स्वतःचाच ठसा पुसून टाकला. चौतीस वर्षं नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होते. निवृत्तीनंतर हुद्दा गेला, फिनेल राहिलं. हे नाव कॉलनीतल्या पोरांनी ठेवलेलं. पण सूनही ते मनातल्या मनात वापरत असावी, असा त्यांना वहीम होता.

"ते द्या. लाल शेवाळ," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्याच्या टाकीत शोभेला लावतात ते."

दुकानवाल्या बाईंचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते. "कुठलं लाल? माझ्याकडे चार आहेत."

"जरा... जास्त लाल."

"पान चपटं की केसांसारखं? कडा कशा आहेत?"

काकांनी छताकडे पाहिलं. घरची टाकी तीन वर्षं हॉलमध्ये होती. त्यांच्या खुर्चीला जवळजवळ खेटून; पण टीव्ही समोर, त्यामुळे टाकीकडे पाठ. ते शेवाळ घासून काढायला चाळीस मिनिटं लागली आणि एक टूथब्रश कामी आला, एवढं ते शपथेवर सांगू शकले असते. पान कसं होतं, ते नाही. "कसं होतं कोण जाणे," ते पुटपुटले.

"होतं म्हणजे? आता नाहीये?"

"साफ झालं."

"आपोआप?"

काका शेजारच्या टाकीतल्या एका गोगलगायीची फारच आस्थेने पाहणी करू लागले.

मुलगा आणि सून दहा दिवस गावाला गेले होते. जाताना सुनेने सगळं समजावून दिलं होतं. माशांना दोन वेळा चिमूटभर खाणं, पाणी रेघेच्या खाली गेलं की तांब्याभर गोडं पाणी. "बाकी कशाला हात लावू नका हं, बाबा." चौथ्या दिवशी बाबांनी बाह्या वर केल्या. एवढ्यावर थांबते तरी ठीक होतं. त्यांनी शेजारच्या दोघांना मुद्दाम बोलावून दाखवलं होतं, "बघा, आता कसा दगड दगडासारखा दिसतो!" शेजाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "पण ते शोभेचं नव्हतं ना?" तेव्हापासून काकांना जेवण जात नव्हतं. मासेही दोन दिवस दगडामागून बाहेर आले नव्हते. आणि सून आज संध्याकाळी येणार होती.

"हे हिरवं बघा, पिसासारखं," बाई म्हणाल्या. "दणकट आहे. पण एकदा हातपाय पसरले की प्रवाळांच्या उरावर बसतं. त्यापेक्षा हे लाल, झुपकेदार. आज लावलंत तर बघणाऱ्याला वाटेल, वर्षभर इथंच आहे."

काकांचा चेहरा सहा दिवसांत पहिल्यांदा उजळला. "हेच! मोठ्यातला मोठा झुपका बांधा."

"टाकी तुमची?"

"सुनेची. बँकेत असते ती."

"बारीक केसांच्या? चष्मा?" बाईंनी हातातली जाळी खाली ठेवली. "अहो, मग ते हे नव्हेच. त्यांचं चपटं, झालरीच्या कडांचं. माझ्याकडूनच अंगठ्याएवढा तुकडा नेला होता, दोन वर्षं वाढवलाय. मी म्हटलं, मधोमध लावा, उजेड चांगला मिळतो. ऐकेचनात. उजव्या कोपऱ्यातच हवं म्हणे."

"का?"

"सासरे दिवसभर एकटे असतात म्हणाल्या. सासूबाई गेल्यापासून बोलायलाही कोणी नाही. त्यांच्या खुर्चीतून मान वळवली की तेवढाच कोपरा दिसतो. ते पाण्यात सारखं डुलत असतं ना, तेवढीच सोबत."

काकांनी रुमालाची चौघडी घातली. मग तिचीही घडी घातली. मग आणखी घडी घालण्याजोगा रुमालच उरला नाही.

"झुपका बांधू ना?"

"ते... खरं जे होतं, ते आहे का? अंगठ्याएवढं?"

"आहे." बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पण त्याने काही झाकलं जाणार नाही हं, काका."

"माहीत आहे," काका म्हणाले.

संध्याकाळी मुलगा खाली सामान उतरवत होता. सून आधी वर आली. तिने टाकीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. खुर्चीची पाठ आता टीव्हीकडे होती.

"बाबा?"

"मीच घासलं. ब्रशने," काका उभ्यानेच म्हणाले. "शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं सुद्धा."

ती टाकीपुढे गुडघे टेकून बसली, नाक काचेला लागेल इतकी जवळ. उजव्या कोपऱ्यातल्या दगडावर एक लाल तुकडा पांढऱ्या दोऱ्याने बांधला होता. मोडलेल्या हाताला पट्टी बांधावी तसा.

"गाठी किती मारल्यात?"

"नऊ."

"दोन पुरतात." तिने काचेवर हात टेकवला. "दोन वर्षं लागतील पुन्हा."

"हो."

ती कपडे बदलायला आत गेली. काका खुर्चीत बसले. काचेवर तिच्या नाकाचा आणि पाच बोटांचा ठसा उमटला होता. काकांचा हात सवयीने खिशात गेला, रुमालाला लागला आणि तसाच रिकामा परत आला.