मुरुक्कूचा राजा

मासिलामणींना मासिलामणी म्हणणारं आता कोणी उरलं नव्हतं. तमिळ सिनेमात ते ‘मुरुक्कू’ होते, म्हणजे चकली. नायकाने थोबाडीत दिली की हा काटकुळा माणूस स्वतःभोवती वेढे घेत कोसळायचा आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणायचं. त्याआधी गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांत ते राजे रंगवत. लढाईत मुलगा गमावलेल्या राजाचा विलाप त्यांच्या वडिलांनीच रचलेला होता. सिनेमात तो कुणी मागितला नाही. पंचवीस वर्षं थपडा खाल्ल्या, मग पाठ गेली, नवे विनोदी नट आले. बायको वारल्यावर मुलीने, कयलने, त्यांना शारजाला आणलं.

वडील कोण आहेत, हे कयलने इथे कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेत पोरं तिला ‘चकलीची पोरगी’ म्हणून गालावर टपल्या मारायची, ते ती विसरली नव्हती. पण एकदा तिचा नवरा नीरव गुप्ते सासऱ्यांना दवाखान्यात नेत असताना त्याच्या कंपनीतले तमिळ कामगार भेटले. त्यांनी भर रस्त्यात मुरुक्कूंचे पाय धरले. दुसऱ्याच दिवशी बॉसने, गुणवंत सरांनी, नीरवला केबिनमध्ये बोलावलं.

“काय हबीबी, घरात स्टार लपवून ठेवलास? ॲन्युअल डेला आण त्यांना.”

नीरवचं प्रमोशन तेव्हा अडकलेलं होतं. त्याने घरी विषय काढला.

“नो, नीरव. प्लीज,” कयल म्हणाली.

मासिलामणी मात्र मोडक्या हिंदीत म्हणाले, “येतो. पण आधी माझा राजा करणार. दहा मिनिटं. मग काय पाहिजे ते.”

“डन, अप्पा,” नीरव म्हणाला.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कामगारांच्या वसाहतीसमोर स्टेज बांधलं होतं. मासिलामणींनी स्वतःच्या हाताने चेहरा रंगवला. उशीवर शाल पांघरून मुलाचं प्रेत केलं, ते मांडीवर घेतलं आणि विलापाला सूर लावला. आवाज अजून भरदार होता. पहिल्या ओळीलाच लोक हसले. त्यांना वाटलं, आता काहीतरी गंमत होणार. राजाने टाहो फोडला तशा शिट्ट्या वाजल्या. मासिलामणींच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं, गालांवरचा रंग ओघळला, तेव्हा तर लोक पोट धरून हसायला लागले.

गुणवंत सरांना राहवेना. ते माईक घेऊन स्टेजवर चढले. “खलास, राजासाहेब! पब्लिकला मुरुक्कू पाहिजे!” असं ओरडून त्यांनी मासिलामणींच्या कानशिलात लगावली.

मासिलामणींनी वेढे घेतले. ठरवून नाही, शरीरच फिरलं. ते उशीवर आडवे पडले आणि सगळी वसाहत उभी राहिली. स्टेजवरून सरांची नजर नीरवला शोधत होती. नीरव हसला, टाळ्या वाजवल्या. शेजारी कयल बसली होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती वडिलांना उठवायला गेली.

गाडीत मासिलामणींनी विचारलं, “जावईबापू, तुम्ही हसलात. हसू आलं म्हणून?”

“नाही अप्पा. सर बघत होते म्हणून...”

“हसू आलं असतं तर बरं झालं असतं,” ते म्हणाले.

कुणीतरी काढलेला व्हिडिओ चेन्नईपर्यंत पोचला. आठवड्याभरात एका निर्मात्याचा फोन आला: मुरुक्कू अजून पडतो की! नव्या पिक्चरमध्ये म्हाताऱ्या वॉचमनचं काम होतं. जिन्यावर थप्पड खायची होती. मासिलामणींनी लगेच होकार दिला.

“अप्पा, तुमची पाठ! डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?” कयल रडायला लागली. “आणि तुम्हाला तर राजा करायचा होता.”

“केला ना. पाहिलास ना तू?” ते बॅगेत कपडे भरत होते. “तिथे निदान मारणारा नट असतो, कयल. त्याला हात कुठे थांबवायचा ते कळतं.”

विमानतळावर नीरव बॅग घ्यायला पुढे झाला. मासिलामणींनी ती दिली नाही. वाकडी पाठ सांभाळत, ती ओढतच ते आत गेले. रांगेतल्या एका माणसाने त्यांना ओळखलं आणि आपल्याच गालावर चापट मारून हसून दाखवलं. मासिलामणींनी त्याला हात जोडले.

नीरवला प्रमोशन मिळालं. कयलने ते कुणालाच कळवलं नाही, स्वतःच्या वडिलांनाही नाही.